चांदीनं दाखवलेला मेंदू

मेंदूचा काप रंगवला नाही तर भिंगाखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. फिकट, दुधाळ, सगळीकडे सारखंच. ज्या अवयवात माणसाचे पाढे, शिव्या, माहेरची वाट, जावयाचं नाव असं सगळं साठलेलं असतं, तो पाच-सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाच-सात हजारांश जाडीचा कापून काचेवर घेतला की नुसती एक पुसट सावली उरते. त्यातून काही वाचायचं तर आधी तो रंगवावा लागतो. मी हेच काम करते. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ म्हणून माझं बहुतेक आयुष्य काप घ्यायचं यंत्र म्हणजे मायक्रोटोम, वॉटर बाथ आणि रंगांच्या जारसमोर गेलं. निदान डॉक्टर करतात, रिपोर्टवर सही त्यांची असते. पण त्यांच्या डोळ्यांपुढे काय येणार आणि काय नाही, हे त्याआधीच रंगानं ठरवलेलं असतं. विसरण्याच्या आजारांच्या बाबतीत तर हे इतकं खरं आहे की त्या आजारांचा सगळा इतिहास रंगांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांमधून सांगता येईल.

आमचा रोजचा रंग एच अँड ई. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून निघतं. ते पेशीच्या केंद्रकाला धरून राहावं म्हणून त्यात तुरटी घालतात, पूर्वीचे रंगारी कापडाला लावत तीच. केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं इओसिननं गुलाबी. गाठ, जंतुसंसर्ग, रक्तस्राव ओळखायला एवढं भागतं. पण वर्षानुवर्षं विसरत विसरत गेलेल्या माणसाचा मेंदू या रंगात पाहिला तर सरावलेल्या डोळ्याला फक्त शंका येते. पेशी विरळ झाल्यासारख्या वाटतात, मधेच एखादा गुलाबीसर ढग दिसतो. शंका फिटायची तर चांदी लागते.

चांदीचा रंग, म्हणजे बील्शोव्स्कीची पद्धत, मी ज्या सरांकडून शिकले ते त्या दिवशी लॅबमध्ये कुणाशी बोलत नसत. आता मला त्याचं कारण कळतं. काचसामान आधी आम्लानं धुवायचं, मग डिस्टिल्ड पाण्यानं, कारण नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं चांदीचा लगेच पांढरा साका होतो. लोखंडी चिमटा चालत नाही. वीस टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात स्लाइड अंधारात, कोमट तापमानाला ठेवायच्या आणि काप हलके तपकिरी झाले की काढायच्या. मग त्याच द्रावणात अमोनिया थेंबाथेंबानं सोडायचा. पहिल्या थेंबांनी ते गढूळ होतं, तपकिरी साका येतो. ढवळत राहायचं, थेंब सोडत राहायचे, आणि एका थेंबाला साका विरून द्रावण स्वच्छ होतं. तिथेच हात थांबला पाहिजे. अमोनिया जास्त झाला की रंग फिका येतो, आणि मग तो पूर्ण दिवस गेलाच. त्यानंतर स्लाइड पुन्हा त्या द्रावणात, शेवटी फॉर्मॅलिन घातलेल्या डेव्हलपरमध्ये. इथे कापाला चिकटलेल्या चांदीचं धातूत रूपांतर होतं, जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत व्हायचं तसंच, आणि ते थांबवायलाही फोटोवाल्यांचाच हायपो वापरतात. किती वेळ ठेवायचं याचा आकडा पुस्तकात असतो, पण ओली स्लाइड भिंगाखाली धरून बघितल्याशिवाय मी अजून कधी त्या आकड्यावर विसंबले नाही. उरलेलं द्रावण मिठाचं पाणी किंवा आम्ल घालून त्याच दिवशी निकामी करायचं. अमोनियातली चांदी साठून सुकली तर स्फोट होऊ शकतो. सर हे प्रत्येक नव्या मुलाला नाव घेऊन, समोर उभं करून सांगत.

एवढं करून जे दिसतं ते विलक्षण असतं. पार्श्वभूमी मधासारखी पिवळी, त्यावर काळ्या रेघांसारखे चेतातंतू. आजारी मेंदूत या रेघांच्या मधे मधे गोल, खरबरीत काळे डाग असतात, ते प्लाक. पेशींच्या बाहेर ॲमिलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचा साठा आणि त्याभोवती सुजलेले, वेडेवाकडे झालेले चेतातंतूंचे शेंडे. आणि पेशींच्या आत, विंचरल्यावर कंगव्यात अडकून राहते तशी काळी गुंतवळ. ती टाऊ या प्रथिनाची. काही ठिकाणी पेशी मरून गेलेली असते, तिचं केंद्रकही उरलेलं नसतं, पण गुंतवळ तशीच जागेवर असते.

हे पहिल्यांदा पाहून नीट लिहून ठेवणारा माणूस आलॉइस अल्झायमर. त्याची गोष्ट आजाराच्या नावामुळे सर्वांना थोडीफार माहीत असते, पण तिच्यातली चांदी कुणाला माहीत नसते. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. अल्झायमरनं तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. तुझं नाव? आउगुस्ट. आडनाव? आउगुस्ट. नवऱ्याचं नाव? बहुतेक आउगुस्ट. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, काय खातेस विचारल्यावर ती म्हणाली, पालक. मी हरवले आहे, असंही ती सांगत असे. ही टिपणं पुढे गहाळ झाली आणि डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्याच दफ्तरात पुन्हा सापडली. मी ती वाचली तेव्हा मला त्या डॉक्टरच्या धीराचं फार वाटलं. ज्या बाईवर काहीच उपचार करता येत नव्हता, तिच्यासमोर बसून तो तिचं प्रत्येक वाक्य टिपत होता.

८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनच्या संस्थेत गेला होता. फ्रँकफर्टच्या रुग्णालयाचे प्रमुख झिओली यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रं त्याच्याकडे पाठवली. आणि इथे योगायोग असा, की बर्लिनच्या माक्स बील्शोव्स्कीची चांदीची पद्धत तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांची होती. आउगुस्ट दहा वर्षं आधी वारली असती तर तिच्या मेंदूत प्लाक कदाचित दिसले असते, कारण ते १८९० च्या दशकात इतरांनीही पाहिले होते. गुंतवळ मात्र दिसली नसती. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगनच्या सभेत अल्झायमरनं हे सगळं मांडलं, तेव्हा श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच स्टॉकहोममध्ये गॉल्जी आणि काखाल यांना मिळून नोबेल दिलं गेलं, तेही चांदीच्याच रंगांनी मेंदूची रचना उलगडल्याबद्दल. गॉल्जीनं १८७३ मध्ये मिलानजवळच्या आबियातेग्रासो गावातल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटून आपला काळा रंग शोधला होता. तो रंग शेकड्यातल्या मोजक्याच पेशींना लागतो, आणि म्हणूनच उपयोगी. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळोख दिसला असता.

आउगुस्टच्या स्लाइडही हरवल्या नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकच्या तळघरात अडीचशेहून जास्त स्लाइड मिळाल्या. नव्वद वर्षांनंतरही चांदी जागेवर होती, प्लाक आणि गुंतवळ दोन्ही ओळखता येत होते. ज्यांनी ते काप रंगवले त्या हातांबद्दल मला आदर वाटतो. आज आम्ही रंगवलेल्या स्लाइड नव्वद वर्षांनी कुणी काढून बघितल्या तर काय दिसेल, हा विचार काम करताना माझ्या मनात असतो.

बील्शोव्स्कीचं नाव पद्धतीला राहिलं, माणूस विसरला गेला. तो ज्यू होता. नाझी सत्तेवर आल्यावर त्याचं बर्लिन सुटलं आणि १९४० मध्ये तो लंडनला वारला. प्रागच्या ओस्कार फिशरनं तर त्याच पद्धतीनं १९०७ मध्ये म्हातारपणी स्मृतिभ्रंश झालेल्यांचे सोळा मेंदू तपासून बारांमध्ये प्लाक असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे हा प्रकार पन्नाशीतल्या एका बाईपुरता नाही, आपल्या घराघरांतल्या म्हाताऱ्यांचा आहे, हे त्यानं तेव्हाच समोर ठेवलं. १९४२ मध्ये तेरेझिनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. मला या दोघांची नावं प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगावीशी वाटतात, आणि मी ती सांगते.

चांदीनंतर मला सर्वांत आवडतो तो काँगो रेड. हा मुळात कापडाचा रंग, १८८० च्या दशकात जर्मनीत तयार झालेला. तुरटीसारखं काही न लावता थेट सुताला धरणारा पहिला कृत्रिम रंग म्हणून तो खूप खपला, पण आम्ल लागलं की निळा पडे, त्यामुळे कापडातून हळूहळू गेला. १९२२ मध्ये बेनहोल्डच्या लक्षात आलं की तो शरीरातल्या ॲमिलॉइडला घट्ट धरतो, आणि १९२७ मध्ये बेल्जियमच्या दिव्रीनं मेंदूतल्या प्लाकवर तो लावून ध्रुवीकृत प्रकाशात पाहिला. साध्या उजेडात विटकरी दिसणारा डाग तिथे कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. चुकीच्या घडीनं दुमडलेली प्रथिनं एकावर एक रचून त्यांचे लांब तंतू होतात आणि रंगाचे कण त्या तंतूंच्या बाजूनं ओळीत बसतात, म्हणून हा हिरवा. यासाठी काप मात्र जाडसर, आठ ते दहा मायक्रॉनचा घ्यावा लागतो. सवयीनं पातळ कापणाऱ्या मुलांना हिरवा दिसतच नाही आणि ती रंगाची बाटली बदलत बसतात.

थायोफ्लॅविन हाही असाच कापडाकडून आलेला. निळ्या-जांभळ्या प्रकाशात तो प्लाकना लखलखीत करतो. याच रेणूत फेरफार करून पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी एक पदार्थ बनवला, त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला, आणि २००२ मध्ये स्वीडनच्या उप्सालामध्ये तो पहिल्यांदा अल्झायमरच्या जिवंत रुग्णाला टोचून पेट स्कॅनवर प्लाक पाहिले गेले. त्या कार्बनचं अर्धआयुष्य वीस मिनिटांचं, म्हणजे पदार्थ बनवायचा आणि धावत रुग्णापर्यंत न्यायचा. सूत रंगवायच्या रंगापासून जित्या माणसाच्या डोक्यापर्यंतचा हा रस्ता मला आमच्या क्षेत्रातला सगळ्यात सुंदर रस्ता वाटतो.

एकदा एका रुग्णाचा मुलगा विभागात आला होता. आई गेली होती, त्यांनी तपासणीला संमती दिली होती आणि रिपोर्ट नेऊन झाला होता. तरी ते थांबले. डॉक्टरांनी त्यांना दोन डोळ्यांच्या मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि मी स्लाइड लावली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे एवढं आत असताना आईला दुखत असेल का हो?" मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते खरं आहे. मग ते म्हणाले, "शेवटी शेवटी ती मला दादा म्हणायची. तिच्या भावाला म्हणायची तसं. मी रागवायचो." डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी स्लाइड थोडी सरकवून हिप्पोकॅम्पस दाखवला, नव्या आठवणी धरून ठेवायला लागणारा भाग. तिथे जवळजवळ प्रत्येक पेशीत गुंतवळ होती. राग कुणावर धरायचा ते त्या माणसाला तेव्हा उमजलं असावं असं मला वाटलं, आणि त्या दिवशी माझ्या कामाचा मला अभिमानही वाटला.

डाग आणि विसरणं यांचं गणित मात्र सरळ नाही. अमेरिकेतल्या नन्सच्या प्रसिद्ध अभ्यासात सिस्टर मेरी म्हणून एक होत्या, १०१ वर्षं जगल्या. मेंदूत प्लाकही होते आणि गुंतवळही भरपूर होती, पण शेवटपर्यंत चाचण्यांमध्ये त्यांचे गुण उत्तम राहिले. उलट १९११ मध्ये अल्झायमरनं वर्णन केलेल्या योहान एफ. या रुग्णाच्या मेंदूत प्लाक होते, पण गुंतवळ नव्हतीच. प्लाकच्या संख्येपेक्षा गुंतवळ कुठवर पसरली यावर माणसाची अवस्था जास्त ठरते. ब्राक दांपत्यानं १९९१ मध्ये या पसरण्याच्या पायऱ्या मांडल्या, आणि त्यासाठीही चांदीच वापरली.

आता मला जे मुख्य म्हणायचं आहे त्याकडे येते. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ॲमिलॉइड बीटाचा शोध लावला. त्यानंतर एक-दोन वर्षांत गुंतवळीतलं टाऊ ओळखलं गेलं, आणि आमच्या लॅबमध्ये प्रतिपिंडांचं युग आलं. काप काही मिनिटं फॉर्मिक ॲसिडमध्ये ठेवायचा, म्हणजे प्रथिनाची दडलेली बाजू उघडी पडते, मग त्याच प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड सोडायचं आणि शेवटी तपकिरी रंग येतो. स्वच्छ, नेमकं, यंत्रानंही करता येणारं. चांदीच्या मानानं हात काळे होत नाहीत. साहजिकच पुष्कळ ठिकाणी चांदी बंद पडली. आमच्याकडेही ती अधूनमधून "आता कशाला" या प्रश्नाला तोंड देते.

माझं उत्तर असं. प्रतिपिंड आपण विचारलं तेवढंच सांगतं. टाऊ आहे का विचारलं तर टाऊबद्दल सांगेल, शेजारी दुसरं काही साठलं असेल तर ते पारदर्शकच राहील. चांदीला कुठलं प्रथिन शोधायचं हे सांगितलेलं नसतं. ती अनेक प्रकारच्या साठ्यांना लागते, आणि म्हणून न विचारलेलंही दाखवते. १९८७ मध्ये ब्राक दांपत्याला हंगेरीच्या गाल्यासच्या चांदीच्या पद्धतीत मेंदूभर विखुरलेले बारीक काळे कण दिसले, आणि एक वेगळाच आजार हाती लागला. १९८९ मध्ये लंडनच्या पॅप, कान आणि लँटॉस यांना त्याच पद्धतीनं मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या आजारात चेतापेशींऐवजी त्यांच्या आधारपेशींमध्ये साठे दिसले. ते साठे आल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाचे आहेत हे कळायला आणखी नऊ-दहा वर्षं लागली. म्हणजे प्रथिनाचं नाव माहीत नव्हतं तेव्हाही चांदीनं बोट नेमकं ठेवलं होतं. आउगुस्टच्या मेंदूतही हेच झालं होतं.

चांदी सगळं दाखवते असं मात्र मी म्हणणार नाही. टीडीपी-४३ नावाचं प्रथिन वागणूक आणि भाषा बिघडवणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांत साठतं, आणि ते चांदीला धरत नाही, काँगो रेडलाही सहसा नाही. कित्येक वर्षं अशा मेंदूंवर "विशेष काही आढळलं नाही" अशा अर्थाचे शेरे पडत राहिले. पुढे युबिक्विटिन या दुसऱ्याच एका प्रथिनाच्या प्रतिपिंडानं साठे दिसू लागले, आणि त्यातलं मूळ प्रथिन २००६ मध्ये सापडलं, आउगुस्टच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी. माणूस बदलला, भांडला, घर सोडून गेला, बोलणं संपलं, घरच्यांनी सगळं सोसलं, आणि स्लाइड म्हणत होती काही नाही. मला हे फार लागतं. म्हणून प्रतिपिंडांचा मोठा संच हवाच, पण त्याच्यासोबत प्रत्येक मेंदूचा एक तरी काप चांदीसाठी ठेवावा, हे मी विभागात दरवेळी मांडते. त्यासाठी हात तयार लागतात, आणि हात तयार व्हायला कुणीतरी शेजारी उभं राहून थेंब मोजायला शिकवावं लागतं. नव्या मुलांपैकी दोघी आता ते छान करतात.

हे सगळं करायला मेंदू मात्र हातात यावा लागतो, आणि आपल्याकडे तो फार क्वचित येतो. जेजे रुग्णालयात डॉ. दराब दस्तूर यांनी न्यूरोपॅथॉलॉजी उभी केली, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, तिथे डॉ. एस. के. शंकर यांनी केलेलं काम मोठं आहे. पण घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस वारलं की तपासणीचं कुणाच्या मनातही येत नाही. नेत्रदान आणि देहदान महाराष्ट्रात चांगलं रुजलं आहे. देहदान केलं म्हणजे मेंदूही तपासला जाईल, असा मात्र अनेकांचा समज असतो. तो देह शरीररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जातो, मेंदूदान ही वेगळी गोष्ट आहे. माणूस हयात असतानाच घरात त्याबद्दल बोलणं झालेलं असावं, आणि मृत्यूनंतर काही तासांच्या आत कळवावं लागतं. नातेवाइकांना चेहऱ्याची सगळ्यात जास्त धास्ती असते. छेद केसांत, एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतात आणि पुन्हा शिवतात, चेहऱ्याला काही होत नाही. देह घरी नेऊन अंत्यविधी नेहमीसारखे करता येतात. मेंदू मात्र दोन-तीन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये दोरीला टांगलेला राहतो, तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून, आणि त्यानंतर कापून, रंगवून, सगळे रंग जुळवून रिपोर्ट यायला आणखी वेळ जातो. तेव्हा तेराव्यापर्यंत रिपोर्ट मिळेल का, असं विचारणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते, की नाही मिळणार, पण येईल तेव्हा त्यात तुमच्या माणसाला काय झालं होतं ते लिहिलेलं असेल.